व्याह्यांना बसलेल्या झटक्याचा खुलासा

चिंचणी, शनिवार, दुपारची झोप मोडून

केळव्याच्या नारळी-पोफळीच्या सावलीत सुखात असलेले (असावेत, असं आम्ही रोज देवाला सांगतो) आमचे होणारे व्याही रामनाथशेठ यांना नवशा तांडेलाचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाईंना आमच्या शकूचा नमस्कार, दर्पणरावांना आम्हा दोघांचे आशीर्वाद. तुमच्या उजव्या हाताची बोटं आता कशी आहेत? अजून मुंग्या येतात का? तुम्ही बर्फाच्या टबात ज्या भागावर बसलात त्याची चौकशी पत्रातून करणं बरं दिसत नाही, पण काळजी त्याचीही वाटते. विहीणबाईंच्या साडीवरचा पापलेटाचा वास गेला नसेल तर शकू म्हणते, आधी लिंबू चोळा, मग दही. फोन करून बघितला, पण तुमचा फोन वाजून वाजून गप्प होतो. हेमाली म्हणाली, बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवा. त्यावर शकू म्हणाली, सोयरिकीची गोष्ट यंत्रात बोलून होत नाही, कागदावर लिहा, म्हणजे समोरच्याला मधेच बंद करता येत नाही. म्हणून लिहितो.

झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या बाजूने. आमची बाजू अजून कोणी विचारलेली नाही. तुम्ही त्या दिवशी साखरपुड्याची तारीख धरायला आलात. शकू नको नको म्हणत असताना दारात चपला काढल्यात. (घरंदाज माणूस, मी तेव्हाच ओळखलं.) पाणी झालं, पेढ्यांचं ताट आलं, नारळ माझ्या हातात होता, फक्त तो तुमच्या हातात जायचा बाकी होता. तेवढ्यात तुम्ही म्हणालात की, हल्ली पापलेट कुठे मिळतं, केळव्याला वाडीत उतरणारे शनिवार-रविवारचे मुंबईचे पाहुणे मागतात आणि त्यांना तळहाताएवढं वाढावं लागतं. आता हे वाक्य शकूसमोर बोलायचं नसतं. ती बोईसरच्या बाजारात मासळी विकते, तिच्या घरात उभं राहून पापलेट नाही म्हणणं म्हणजे देवळात जाऊन देव कुठाय विचारण्यासारखं. ती म्हणाली, व्याहीबुवा, फ्रीझरमध्ये बघा. तुम्ही उठलात, ओल्या फरशीवरून अनवाणी गेलात, शकूने झाकण उघडून धरलं, तुम्ही एका हाताने पापलेट उचललंत, दुसरा हात दांड्यावर ठेवलात आणि “आये गो!” म्हणालात. पापलेट विहीणबाईंच्या मांडीवर गेलं, तुम्ही टबात गेलात. आणि मी हसलो. रामनाथशेठ, ते हसू तोंडातून निसटलं, मनातलं नव्हतं. विहीणबाई म्हणाल्या, “या घराला कायतरी हाय,” आणि तुम्ही चहा न घेता गाडीत बसलात. नारळ माझ्याच हातात राहिला.

त्या दिवसापासून हेमाली नीट जेवत नाही. कंपनीच्या ऑफिसात जाते, येते, ताटावर बसते आणि भात चिवडत राहते. दर्पणरावांशी तिचं बोलणं चालू आहे (मला माहीत नाही असं दोघांना वाटतं), आणि त्यातून आमच्यापर्यंत बातमी आली ती अशी की पोरं राजी आहेत, घाबरलेत ते मोठे. शकू रोज विचारते, पत्र लिहिलं का. हा संबंध आमच्या मनात फार भरलाय. तो एका फ्रीझरमुळे मोडला तर मी गावात कुठल्या तोंडाने फिरू?

आता मूळ कारणाकडे येतो. ते समजायला आमचं विजेशी नातं समजलं पाहिजे. तारापूरला अणूपासून वीज करतात, आणि आम्ही तिच्या शेजारी राहणारी माणसं. शेजारच्या घरातल्या पोरीला कोणी घाबरतं का? त्यातून मी तांडेल माणूस. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून होडी पुतण्याच्या हाती दिली आणि आता ओट्यावर बसून जाळी शिवतो, पण या किनाऱ्यावर माझ्या गाठीचं नाव आहे. नवशाची गाठ मासा सोडवत नाही, लाट सोडवत नाही आणि एकदा मारली की नवशालाही सोडवता येत नाही. फ्रीझरची वायर उंदराने तोडली तेव्हा दुकानातून नवी आणायची, हे माझ्या मनातही आलं नाही. दोन टोकं घेतली, आतल्या तारांना जाळ्याची गाठ मारली, वरून नायलॉनचा दोरा आवळला, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. शकूला म्हटलं, ओढून बघ. तिने ओढलं, फ्रीझर जागचा हलला पण गाठ नाही.

फ्यूजचंही तसंच. पहिल्या भेटीत मी तुम्हाला अभिमानाने सांगितलं होतं, आठवत असेल, की आमच्या घरचा फ्यूज कधी उडत नाही. खरी गोष्ट होती. पूर्वी तो सारखा उडायचा, मग मी त्यात केसासारख्या तारेऐवजी मोठ्या गळाची जाड तार बसवली. तुम्हाला यातली कला कळेल, कारण तुम्ही स्वतः कलावंत आहात. तुमचं घर बघायला आलो होतो तेव्हा तुमच्या पंपाच्या वायरी बिनपिनेच्या, सॉकेटच्या भोकांत आगपेटीच्या काड्या ठोकून बसवलेल्या पाहिल्या आणि मी शकूला कोपर मारून दाखवलं, बघ, याला म्हणतात डोकं. पोफळींना गुंडाळलेल्या त्या रंगीत दिव्यांच्या माळा, त्यांचे उघडे जोड, सगळं मी कौतुकाने पाहिलं. तुमच्या न्हाणीघरातला नळ तर हाताला बारीक गुदगुल्या करतो. मला वाटलं, मोठ्या घरच्या पाण्याला जोर असतो.

असो. (शकू मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, मुद्द्यावर या.)

तुम्ही गेल्यावर घरात चर्चा झाली. एवढी वर्षं आम्ही तोच फ्रीझर उघडतो, आम्हाला कधी काही झालं नाही. झालं ते पाहुण्यांनाच. यापूर्वी सालवडची हिना आत्या म्हणाली होती की तुमच्या फ्रीझरला हात लावला की अंगावर काटा येतो. आम्ही म्हटलं, बर्फ आहे, येणारच. गॅसवाल्याने मोरीचा नळ सोडला आणि पळाला. आम्ही म्हटलं, घाईत असेल. आम्ही असं ठरवून टाकलं होतं की चिंचणीबाहेरची माणसं जरा नाजूकच असतात. आणि आनंदाची एक गोष्ट आम्ही कोणाला सांगितली नव्हती, ती म्हणजे यंदा आमच्या बोंबलांना बोका शिवत नव्हता. शेजाऱ्यांचा सुभेदार नावाचा बोका आहे, त्याने गल्लीतल्या प्रत्येक घराचा बोंबील खाल्ला, पण आमच्या परसात यायचा, वाळणाऱ्या बोंबलाला नाक लावायचा आणि हवेत उडी मारून कुंपणापलीकडे जायचा. शकू म्हणाली, देवाने राखण ठेवलीय. मी त्या देवाला उदबत्तीही लावली.

विहीणबाईंचं वाक्य मात्र शकूच्या मनात बसलं होतं. घराला कायतरी हाय. मग शेजारच्या म्हातारीने सुचवलं की फ्रीझरवरून नारळ ओवाळून फोडा. तुमच्या हातात जायचा राहिलेला नारळ घरात होताच. मी तो ओवाळला आणि फ्रीझरच्याच कोपऱ्यावर आपटला. नारळ चांगला निघाला, पाण्याने भरलेला. ते सगळं पाणी फ्रीझरमागे जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात गेलं, ज्याच्यात फ्रीझर, मिक्सर आणि टीव्ही हे तिघे एकमेकांच्या डोक्यावर बसले होते. आधी तडतडलं, मला वाटलं देव बोलतोय. मग धूर आला, मग जाळ. फ्यूज उडायला पाहिजे होता, पण आमच्या घरचा फ्यूज उडत नाही, हे तुम्हाला सांगितलंच आहे. शकूने पाण्याची बादली उचलली. तेवढ्यात हेमाली ओरडली, “आये, पाणी नको!” आणि धावत जाऊन तिने मेन स्विच पाडला. मग अंगणातली कोरडी वाळू घमेल्याने आणून बोर्डावर ओतली. तिच्या कंपनीत आगीचा सराव करून घेतात. मी इतके दिवस समजत होतो की तिथे ती नुसते कागद इकडचे तिकडे करते. पोरीच्या हातात घमेलं होतं आणि केसांत वाळू होती. मी तिला जवळ घेतली. त्या वेळी मला काही हसू आलं नाही, रामनाथशेठ.

दुसऱ्या दिवशी हेमालीने प्रियंकाला आणलं. ही तिच्याच कंपनीतली, विजेचं काम करणारी पोर. बाप झिपरू वर डोंगराकडच्या पाड्यावर शेती करतो. बोटभर मुलगी, पण आवाज असा की बंदरावर लिलावाला उभी केली तर गिऱ्हाईक पैसे देऊन पळेल. आली ती जाड रबरी तळव्यांचे बूट घालून, शकूने दारात काढायला सांगितले तर म्हणाली, “काकी, चहा नाय दिला तरी चालंल, बूट नाय काढायची.” तिने फ्रीझर दुसऱ्या सॉकेटला जोडला, मेन क्षणभर चालू करून टेस्टर काढला. फ्रीझरला लावला, पेटला. मोरीच्या नळाला लावला, पेटला. पंपाला लावला, पेटला. मला आपलं कौतुक वाटलं, इतक्या ठिकाणी दिवाळी. ती मेन बंद करून माझ्याकडे वळली. “काका, तुमी जिवंत कशी हाय?”

मग तिची नजर खाली गेली. फ्रीझरचा बर्फ वितळून आमची फरशी कायम ओली, म्हणून घरात आम्ही तिघं रबरी चपला घालूनच वावरतो. सगळा उलगडा तिथे झाला. आम्हाला राखणारा देव पायात होता. करंटला आमच्यातून जमिनीत जायला वाट नव्हती. ज्याने ज्याने रीत पाळून दारात चपला काढल्या, त्याला त्याला प्रसाद मिळाला. तुम्ही जेवढे सभ्य, तेवढा मोठा झटका! (सुभेदार बोकाही अनवाणीच.) प्रियंका मात्र म्हणाली, “चपलेच्या भरवशावर राहू नका. तळवा फाटला, नायतर ओला हात दुसरीकडं टेकला, का खेळ खलास.”

पण करंट सगळीकडे पोचला कसा? प्रियंकाने विचारलं, घराची अर्थिंग कुठाय. मी म्हटलं, ती असते का? तिने मीटरपासून हिरवी वायर धरली, वायर भिंतीतून बाहेर निघत होती, तिच्या मागाने प्रियंका परसात गेली, आणि तिथे जाऊन उभीच राहिली. आम्ही मागोमाग. घर बांधलं तेव्हा वायरमनने परसात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून एक जस्ताची जाड तार जमिनीत पुरली होती. यंदा बोंबील उदंड आला, बोंबील वाळवायच्या आमच्या वलांडीचे बांबू-दोर पुरेनात, तेव्हा शकूने ती तार जमिनीतून उपटून दोन खांबांमध्ये ताणली होती. त्यावर बोंबील ओळीने तोंडात तोंड घालून लटकत होते.

“काकी, ही अर्थिंगची तार हाय.”

“माहीत हाय ना,” शकू म्हणाली. “चांगली तार, खाऱ्या हवेत गंजत नाय. जमिनीत नुसती पडून होती, तिचा काय उपेग?”

प्रियंका खाली बसली. मला वाटलं रडतेय, पण ती पोट धरून हसत होती. हसून झाल्यावर तिने मला समजावलं, ते मी तुम्हाला सांगतो. माझ्या गाठीवरची ट्यूबची पट्टी झिजली होती आणि आतली तार फ्रीझरच्या पत्र्याला टेकत होती. अर्थिंग जागेवर असती तर तो करंट गुमान जमिनीत गेला असता, आणि फ्यूज धड असता तर उडून त्याने आम्हाला खबर दिली असती. पण जमिनीची वाट शकूने बोंबलाला दिली आणि फ्यूजचं तोंड मी गळाच्या तारेने बंद केलं. मग तो करंट नळात, पंपात, बोंबलात, जिथे हिरवी वायर नेईल तिथे माणसाची वाट बघत बसला. तुमचा हात वेळेवर सुटला, ते आमचं नशीब थोर. हे ऐकून शकूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि पापलेट बाहेर काढून प्रियंकासाठी तळायला बसली.

पुढची हकीकत आनंदाची. तार पुन्हा खड्ड्यात गेली, खड्ड्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडे आलं. माझी गाठ प्रियंकाने पक्कड, सुरी आणि दात लावूनही सुटेना. शेवटी तिने दोन्हीकडून वायर कापली आणि ती अख्खी गाठ माझ्या हातात ठेवून म्हणाली, “काका, गाठ एक नंबर. जाळ्यात मारा.” एवढं ऐकून माझं अर्धं दुःख गेलं. फ्रीझरला एकसंध नवी वायर आणि भिंतीवर स्वतःचा वेगळा सॉकेट मिळाला. गळाची तार पुतण्याला परत गेली, फ्यूजच्या जागी आपोआप पडणारे स्विच आले. आणि बोर्डात एक नवी डबी बसली, तिला आरसीसीबी म्हणतात. करंट माणसातून जमिनीत जायला निघाला की पापणी लवायच्या आत ती वीज तोडते. तिच्यावर एक छोटं बटण आहे, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, डबी पडली म्हणजे ती जागी आहे. मी ते रोज दाबतो. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाबून दाखवतो. काल शकूची मालिका रंगात आली होती, नायिका बोहल्यावर चढत होती, तेव्हा मी पोस्टमनला दाखवायला दाबलं. त्या लग्नाचं पुढे काय झालं ते आमच्या घरात अजून कोणाला माहीत नाही, आणि शकू माझ्याशी बोलत नाही. (हे पत्र ती मागून वाचतेय आणि त्यात सूचना करतेय ते वेगळं.)

तर विहीणबाईंना सांगा, त्यांचं म्हणणं खरं होतं. घराला होतं कायतरी. भूत नव्हतं, वीज होती, आणि तिला आता तिची वाट दाखवली आहे. तुम्ही या. चपला काढून या, हवं तर पाय धुऊन ओलेच या, फ्रीझरला मिठी मारा. शकूने तुमच्यासाठी पापलेट राखलंय, नवा नारळ आणलाय, पेढे ताजे आणू. या वेळी मी हसणार नाही. तुम्ही हसलात तर मात्र सोबत करीन.

लेकीच्या साखरपुड्याची वाट बघत दाराकडे तोंड करून बसलेला,
तुमचा (आणखी थोड्या दिवसांनी कायदेशीर)
नवशा तांडेल

ता. क. पत्रासोबत बोंबील पाठवतोय. निर्धास्त खा, हे नायलॉनच्या दोरीवर वाळवलेत.

ता. क. दुसरा. सुभेदार बोका परत आला. काल त्याने आमचा बोंबील ओळीने खाल्ला. शकूने त्याला हाकललं नाही. म्हणाली, खाऊ दे, घर चांगलं झाल्याचा दाखला आहे तो.

ता. क. तिसरा. शकू आता आत गेली आहे, म्हणून खरं लिहितो. रामनाथशेठ, आपल्यात पूर्वी मुलीच्या बापाने मुलाकडच्यांकडून देज मागायची रीत होती. मी पैशाचा माणूस नाही, पण देज मागणार. वर मी तुमच्या पंपाच्या काड्यांचं, पोफळीवरच्या जोडांचं आणि न्हाणीघरातल्या गुदगुल्यांचं कौतुक केलं, ते तेव्हाचं होतं. आता ते आठवलं की माझी झोप उडते. आम्ही रबरी चपलांमुळे वाचलो. पण नवी सून सासरी घरात चपला घालून फिरत नाही. माझी हेमाली तुमच्या ओल्या न्हाणीत, तुमच्या वाडीत अनवाणीच फिरणार, तुमचे मुंबईचे पाहुणेही तसेच. तेव्हा आमची अर्थिंग आणि आमची डबी बघायला तुम्ही या, आणि तुमच्याकडे तीच बसवा. एवढंच देज द्या. त्याशिवाय नारळ माझ्या हातातून सुटणार नाही, आणि माझी पकड तुम्हाला ठाऊक आहे.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोस्टाने पाठवलं नाही. ज्या मुलीने ते तुमच्या हातात दिलं, ती प्रियंका. पिशवीत बोंबलांच्या खाली टेस्टर आहे. तिला आधी चहा द्या, मग न्हाणीघर दाखवा, आणि दारात बूट काढायला सांगू नका.